कृष्णधवल फिल्म आणि डेव्हलपरच्या जोड्या: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तुलना कशी करावी?

देवगिरी_३५ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. वेरूळच्या कैलास लेण्याचे चित्रण मी ३५ मि.मी. कृष्णधवल फिल्मवर करीत आहे. डोंगर वरून खाली खोदत नेल्यामुळे अंगणाभोवती उंच कडे उभे आहेत. दुपारी ऊन थेट वरून उतरते आणि ओवऱ्यांतल्या मूर्ती त्याच चौकटीत जवळजवळ अंधारात राहतात. माझ्याकडे एचपी५ प्लस, एफपी४ प्लस आणि फोमापॅन १०० या तीन फिल्म आहेत, तर डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनांत, डी-७६ आणि रॉडिनल आहेत. तिसरा घ्यावा का, याचा विचार चालू आहे. रॉडिनलमध्ये धुतलेले (डेव्हलप केलेले) रोल मला अधिक धारदार वाटतात, पण त्यांतल्या सावल्या रिकाम्या असतात. डी-७६ मधले रोल मऊ वाटतात. हा फरक डेव्हलपरच्या गुणाचा आहे की धुण्याच्या वेळेचा, हे ओळखायचे कसे? शिवाय कंपन्यांच्या पत्रकांत धुण्याच्या ज्या वेळा दिलेल्या असतात त्या बहुतेक २० अंश सेल्सिअससाठी असतात आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात हात घालवत नाही इतके तापते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ (नांदेड)

आपल्याला दिसलेला फरक बऱ्याच अंशी कॉन्ट्रास्टचा (उजेड-सावलीतल्या तफावतीचा) असावा आणि तो बाजूला काढल्याशिवाय कोणत्याही दोन डेव्हलपरची तुलना करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एचपी५ प्लससाठी इलफर्डच्या पत्रकात २० अंशांना डी-७६ १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) साठी ११ मिनिटे दिली आहेत आणि रॉडिनल १+५० साठीही ११ मिनिटेच दिली आहेत; तरीही आपले थर्मामीटर, फिल्म धुण्याची टाकी उलटीपालटी करण्याची आपली लय आणि आपले पाणी यांमुळे दोन्हींचा कॉन्ट्रास्ट आपल्या हाती सारखाच उतरेल असे नाही. जास्त कॉन्ट्रास्टची निगेटिव्ह डोळ्याला नेहमीच अधिक धारदार भासते आणि तिचे कणही ठळक दिसतात. त्याचे श्रेय मग डेव्हलपरला दिले जाते.

म्हणून लेण्यापूर्वी अंगणात एक चाचणी घ्यावी. दोरीवर पांढरे धोतर आणि शेजारी काळे घोंगडे वाळत घालून, प्रकाश स्थिर असताना, एकच चौकट एकाच उद्भासनावर (एक्स्पोजरवर) रोलभर घ्यावी. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) त्या रोलचे तुकडे करून एक डी-७६ मध्ये व एक रॉडिनलमध्ये धुवावा आणि उरलेले तुकडे वेळ दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावेत. धोतराचा भाग दोन्ही निगेटिव्हांत सारखाच दाट येईपर्यंत वेळ कमीजास्त करीत जावे. घनता मोजण्याचे यंत्र नसले तरी अडत नाही: निगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर ठेवली असता धोतराच्या सर्वांत दाट भागातून बातमीची बारीक अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. एवढे जुळले की मग घोंगड्याच्या घड्या पाहाव्यात, कडा पाहाव्यात, कण पाहावेत. तेव्हा जो फरक उरेल तो डेव्हलपरचा स्वतःचा समजावा.

तो फरक का पडतो, हेही सांगतो. डी-७६ च्या मूळ द्रावणात लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते आणि एवढे सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवते, त्यामुळे कण मऊ दिसतात. १+१ केल्यावर हा परिणाम कमी होतो. रॉडिनल हे १८९१ पासूनचे, तीव्र अल्कलीचे द्रावण असून पातळ केल्यावर त्यात सल्फाइट फारच थोडे उरते, म्हणून कण जसेच्या तसे राहतात. त्यात फिल्मचा खरा वेगही थोडा कमी मिळतो. आपल्या रिकाम्या सावल्यांचे कारण बहुधा हेच असावे आणि त्यावर अर्धा ते पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त उद्भासन हाच उपाय आहे. वेळ वाढवल्याने सावल्या भरत नाहीत, उजेडाचे भाग मात्र ठार बंद होतात.

स्कॅनरवर तुलना करायची असेल तर त्याची स्वयंचलित दुरुस्ती आधी बंद करावी, कारण ती दोन्ही निगेटिव्ह परस्पर एकसारख्या करून दाखवते.

सगळ्या जोड्या एकदम हाती घेऊ नयेत. आपल्या कामासाठी मी एचपी५ प्लस आयएसओ २०० वर मोजून डी-७६ १+१ मध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५ ते २० टक्के कमी वेळ धुवेन. फोमापॅन १०० उन्हात सुंदर चालते, पण ओवऱ्यांच्या अंधारात ती साथ देत नाही: तिच्या पत्रकाप्रमाणे १ सेकंदाचे उद्भासन दुप्पट, तर १० सेकंदांचे ८ पट करावे लागते. लेण्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. त्या एकसारख्या प्रकाशात एफपी४ प्लस वापरून पाहावी.

अंबाजोगाई_१२०

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. तापमानाबद्दल थोडे लिहितो, कारण आपल्याकडे निम्मे वर्ष तोच मुख्य प्रश्न असतो.

२० अंशांचा हट्ट सोडून वर्षभर २४ अंश हेच आपले प्रमाण ठरवावे. २० अंशांची वेळ २४ अंशांना साधारण ७० टक्के होते, म्हणजे ११ मिनिटांची पावणेआठ. ३० च्या पुढे गेल्यास हीच वेळ पाच मिनिटांच्या खाली उतरते आणि इतक्या कमी वेळात आकाशासारख्या सपाट भागात डाग व पट्टे येण्याची भीती असते. कोरड्या उन्हाळ्यात सावलीत, वाऱ्याला ठेवलेल्या माठातले पाणी बर्फाशिवाय २४ अंशांच्या जवळ येते. पावसाळी दमट हवेत मात्र माठ तितका उपयोगी पडत नाही. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) आणि फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण) यांच्या बाटल्या एकाच घमेल्यात पाण्यात उभ्या कराव्यात आणि थर्मामीटर घमेल्यात न बुडवता बाटलीत बुडवावा. फक्त डेव्हलपर थंड करून शेवटी गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी सोडणे टाळावे, कारण त्याने जिलेटिन फुगून मऊ पडते आणि बोट लागले तरी ओरखडा उठतो.

रोल अखेरचा धुण्यासाठी नळ सोडून ठेवण्याची गरज नाही, आणि आपल्या भागात तसे करूही नये. इलफर्डच्या पद्धतीत टाकी भरून ५ वेळा उलटी करतात व पाणी ओततात, पुन्हा भरून १० वेळा आणि तिसऱ्यांदा भरून २० वेळा. फिक्सर जिलेटिन कठीण करणारा नसावा आणि पाण्याचे तापमान आधीच्या द्रावणांच्या ५ अंशांच्या आत हवे. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे ठिपके फिल्मवर राहतात, म्हणून शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी.

देवगिरी_३५

दोघांचेही मनःपूर्वक आभार. धोतर आणि घोंगड्याची चाचणी या आठवड्यात घेतो. रॉडिनल १+१०० करून फिल्म तासभर न हलवता ठेवली की ऊन आणि सावली दोन्ही सांभाळली जातात, असे बऱ्याच ठिकाणी वाचले आहे. ते लेण्यासाठी योग्य ठरेल का?

मांजराकाठ (लातूर)

उन्हाळ्यात तरी मी ते सुचवणार नाही. तासाभरात खोलीच्या उष्णतेने द्रावण किती तापेल यावर ताबा राहत नाही, धुरकटपणा वाढतो आणि स्थिर द्रावणात, धुताना फिल्ममधून सुटणारे ब्रोमाइड खाली ओघळून खांबांच्या कडेला फिकट पट्टे उमटू शकतात. शिवाय ३०० मि.लि. टाकीत १+१०० केल्यास मूळ रसायन जेमतेम ३ मि.लि. येते, ते पूर्ण रोलला अपुरे पडते.

तिसरा डेव्हलपर घ्यायचाच असेल तर दोन टप्प्यांचा घरी तयार करावा. पहिल्या द्रावणात लिटरमागे ५ ग्रॅम मेटॉल (चित्र उमटवणारे रसायन) आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, तर दुसऱ्यात लिटरमागे १० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स). फिल्म पहिल्यात तीनचार मिनिटे हलवत ठेवून, मध्ये पाण्याने न धुता, दुसऱ्यात तितकाच वेळ ठेवावी. थरात शोषलेला डेव्हलपर उजेडाच्या भागात लवकर संपतो आणि सावलीच्या भागात काम करीत राहतो, म्हणून कैलासासारख्या विषयाला ही पद्धत मानवते. पहिल्या द्रावणातही बरेच काम होत असल्यामुळे त्याचे तापमान मात्र काटेकोर सांभाळावे.

द्रावण करताना सुमारे ५० अंशांच्या पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट टाकावे, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यानंतरच उरलेले सल्फाइट घालावे. सगळे सल्फाइट आधी पडले तर मेटॉल नीट विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या हातांना खाज व पुरळ येते, तेव्हा हातमोजे घालूनच काम करावे. वजनासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. सल्फाइट घेताना पुडीवर ‘फूड ग्रेड मेटाबायसल्फाइट’ लिहिलेले असेल तर ते घेऊ नये, ते वेगळे रसायन आहे.