वॉटरगेटच्या सत्तर वर्षं आधी: आयडा टारबेल

शोधपत्रकारिता म्हटलं की अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणारे वुडवर्ड-बर्नस्टीन आणि पत्रकार सेमूर हर्श यांची नावं येतातच, त्यात अमेरिकन पत्रकार आयडा टारबेलची भर घालतो. १९०२ ते १९०४ या काळात तिने 'मॅक्ल्युअर्स' मासिकात तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवर १९ भागांची लेखमाला लिहिली. वडील पेनसिल्व्हेनियातले छोटे तेल व्यावसायिक. १८७२ साली रेल्वे आणि बड्या रिफायनरीवाल्यांनी केलेल्या संगनमताची झळ त्यांना बसली होती. रॉकफेलरवर तिने १९०५ मध्ये लिहिलेल्या व्यक्तिचित्रात तो राग लपत नाही, असं माझं मत.

मूळ लेखमाला मात्र कागदांवर उभी आहे. कोर्टातल्या साक्षी, सरकारी चौकशांचे अहवाल तिने अक्षरशः उपसले. शिवाय कंपनीचाच बडा अधिकारी हेन्री रॉजर्स तिला नियमित भेटून माहिती देत होता! मग एक घबाड हाती लागलं. स्टँडर्डच्या कचेरीत जुने कागद जाळायला दिलेल्या पोऱ्याला त्यात आपल्या संडे स्कूलच्या (चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) शिक्षकाचं नाव दिसलं. हे गृहस्थ कंपनीचे प्रतिस्पर्धी. कोणाचा माल कुठे चाललाय याची खबर रेल्वेतूनच कंपनीला मिळत होती, हे त्यातून उघड झालं. ते छापून आल्यावर रॉजर्सच्या भेटी संपल्या.

१९११ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कंपनीचे ३४ तुकडे झाले. श्रेय एकट्या टारबेलचं नाही, खटला सरकारने लढवला. आणि हो, हीच बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होती.