बोलणं अचानक बिघडलं तर
अल्झायमर (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू कमी करणारा मेंदूचा आजार) झालेल्या माणसाला नावं न आठवणं, त्याचं वाक्य अर्धवट सुटणं हा आजाराचाच भाग आहे, असं सांगितलं जातं ते पटतं. पण ‘आता हे वाढतच जाणार’ म्हणून प्रत्येक बदल सोडून देऊ नका, ही कळकळीची विनंती. अल्झायमरमध्ये भाषा महिन्या-वर्षांच्या गतीने ओसरते. काल बऱ्यापैकी बोलणारं माणूस आज असंबद्ध बोलू लागलं किंवा एकदम गप्प झालं, तर कारण बहुधा दुसरं असतं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. सोबत तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर पक्षाघात समजून लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि कानही तपासून घ्या. नुसता मळ साठला तरी ‘यांना काही समजतच नाही’ असं घरच्यांना वाटू लागतं.