ऑपेराचं रेकॉर्डिंग बघताना गुण कोणाला द्यायचे, गळ्याला की चेहऱ्याला?

घंटाळीकर
गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून आम्ही चौदा जणांनी इटालियन संगीतकार व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारं नाटक, पाहिला. साल्झबुर्ग महोत्सवातला 2005 चा प्रयोग. आना नेत्रेब्को व्हायोलेटा, रोलान्दो व्हियाझोन आल्फ्रेदो, टॉमस हॅम्पसन त्याचा बाप, दिग्दर्शक विली डेकर. रंगमंच जवळजवळ रिकामा, त्यावर लाल सोफा, लाल पोशाक आणि एक भलंमोठं घड्याळ. गोष्ट थोडक्यात अशी: पॅरिसमधली क्षयाने पोखरलेली गणिका खऱ्या प्रेमात पडते, प्रियकराचा बाप घराण्याची अब्रू पुढे करून तिला बाजूला व्हायला लावतो, शेवटी ती मरते.

संपल्यावर चहा घेता घेता एकेकाचा निकाल आला. "अभिनय फर्स्टक्लास, दिसते तर काय सुंदर! आवाज ठीक." तेव्हापासून मला चैन नाही. अभिनय आणि आवाज असे दोन रकाने पाडून गुण देणंच मला चुकीचं वाटतं. ऑपेरात पात्र उभं राहतं ते गळ्यात.

तिसऱ्या अंकातलं पत्र आठवा. व्हायोलेटा ते गात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून येते, ती हलक्या हाताने. पत्र संपतं आणि ती एवढंच म्हणते, "ए तार्दी!" उशीर झाला. त्या पुटपुटण्यापासून त्या दोन शब्दांपर्यंतचं जे अंतर आहे, तोच अभिनय. त्या वेळी मी मुद्दाम डोळे मिटले होते. माझं काहीही हुकलं नाही.

आणि कोणी कृपा करून "आवाज लहान आहे" म्हणू नका. रेकॉर्डिंगवरून ते कळतच नाही.

नेरूळची रेवा
मला हे अजिबात मान्य नाही. डोळे मिटूनच ऐकायचं तर सीडी पुरते, हॉल कशाला हवा? ऑपेरा हे नाटक आहे. व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात 6 मार्च 1853 ला याच ऑपेराचा पहिला प्रयोग पडला. व्हायोलेटा होती 38 वर्षांची, अंगाने भरलेली फॅनी साल्विनी-दोनातेल्ली. ही बाई क्षयाने झिजून मरतेय यावर प्रेक्षकांचा विश्वास बसला नाही, लोक हसले. गळा चांगला असूनही पात्र उभं राहिलं नाही, हे खुद्द व्हेर्दीच्या पदरात पडलेलं माप आहे.

नेत्रेब्कोकडे बघताना ती आजारी आहे हे मला पटतं. ते पटवणं ही तिची कमाई आहे. तिला त्याचे गुण का नाही द्यायचे?

मीठबंदर
रेवाताई, 1853 ची हकीकत तुम्ही अर्धीच सांगितलीत. साल्विनी-दोनातेल्लीच्या पहिल्या अंकातल्या गाण्याला टाळ्या पडल्या होत्या. घसा बसला होता तो टेनॉरचा, म्हणजे आल्फ्रेदो गाणाऱ्याचा, आणि बाप झालेल्या बॅरिटोनचीही उमेदीची वर्षं सरली होती. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने पत्रात विचारलं, चूक माझी की गायकांची, ते काळ ठरवेल. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, काही भाग सुधारून व्हेनिसमध्येच दुसऱ्या थिएटरात तो लागला आणि गाजला. सगळा दोष त्या बाईच्या देहावर टाकणं अन्याय आहे.

आता आपल्याकडे या. 8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' हे संगीत नाटक झालं, तेव्हा भामिनी होते 33 वर्षांचे बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. पुरुष नायिका झालाय हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या आजोबांनी बालगंधर्वांना उतारवयात पाहिलं होतं, शरीर चांगलंच सुटलेलं. आजोबा सांगायचे, पदर सावरून पहिला सूर लागेपर्यंत आपण पुरुष बघत असतो, सूर लागला की 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. देह न बदलता पात्र बदलतं ते असं.

नेरूळची रेवा
काका, आजोबांची आठवण खरीच आहे. पण आजोबा कितव्या रांगेत होते? त्यांना बालगंधर्वांच्या पापणीची थरथर दिसत नव्हती, आपल्याला नेत्रेब्कोची दिसते. डिसेंबर 2006 पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा आपले प्रयोग थेट सिनेमागृहांत दाखवतंय. आजच्या गायिकेला ठाऊक असतं की कॅमेरा हाताच्या अंतरावर आहे, ती त्या हिशेबाने तयारी करते. आणि गायिका मारिया कॅलस? 1964 च्या लंडनमधल्या 'तोस्का' या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचं चित्रण आहे. आवाज तोवर पूर्वीसारखा राहिला नव्हता, तरी गायक तितो गोब्बीसमोरचा तो अंक बघताना नजर हलत नाही. डोळे मिटलेत तर अर्धी कॅलस गेली.

तबलजी
मी नाटकांना साउंड करतो, गडकरीपासून वाशीच्या भाव्यांपर्यंत. "आवाज लहान" यावर बोलतो.

ऑपेराचा गायक माईकशिवाय गातो. समोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक, त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो. हे नुसत्या जोराने होत नाही. वाद्यवृंदाची ताकद 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनं) आसपास सगळ्यात जास्त असते आणि वर जाताना उतरत जाते. तयारीचा गायक, विशेषतः पुरुष, घसा असा ठेवतो की 3000 हर्ट्झजवळ आवाजाला धार येते. तिथे वाद्यं विरळ असतात, म्हणून गळा वर निघतो. सोप्रानोची, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात उंच आवाजाची, पट्टीच इतकी वर असते की तिचं गणित थोडं वेगळं.

रेकॉर्डिंगला माईक जवळ असतो. फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकती कळ, दोन रेघा वर केला की पाप्याचं पितर पहिलवान होतं. कॉलर माईकवर कुजबुजणाऱ्या नटाला मी स्वतः शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो, त्यामुळे सांगतो: आवाज केवढा आहे हे रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. सूर पक्का आहे का, श्वास कुठे घेतला, शब्द कुठे सोडला, हे मात्र लपत नाही.

कळवा पूल
मग न लपणाऱ्या गोष्टींवरच बोलू. मी आवाजाला दहात सात देतो. व्हायोलेटाला अंकागणिक निराळा गळा लागतो असं जुने लोक म्हणतात. पहिल्या अंकाच्या शेवटी चपळ फिरत हवी, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात विझत चाललेला सूर. नेत्रेब्कोचा दुसरा आणि तिसरा मला फार आवडला. पहिल्यात जलद ताना आल्या की दाणे सुटे ऐकू येत नाहीत, एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे गवयाची तान अशी आली तर आपण लगेच बोलतो. इथे सोफा आणि लाल पोशाक बघून का गप्प बसायचं?

घंटाळीकर
कळवा पूल, ताना मी पुन्हा ऐकल्या, दोन ठिकाणी तुमचं बरोबर आहे. पण ती त्या क्षणी स्वतःला फसवतेय. "मी मोकळीच राहणार" असं म्हणतेय आणि आतून विरघळलीय. थोडी घाई, थोडी धाप मला तिथे हवीशीच वाटते. फार घासूनपुसून गायलं की ती बाई सुखी वाटायला लागते.

रेवाताई, कॅलसचं तुमचं म्हणणं मी मानतो. त्या अंकात मीही डोळे मिटू शकलो नव्हतो. तरी एक विनंती. दुसऱ्या अंकात आल्फ्रेदोचा बाप येऊन तिला स्वतःच्या मुलीसाठी गळ घालतो, त्यानंतर ती "दीते आला जोव्हिने" म्हणते, तुमच्या मुलीला सांगा म्हणून. तेवढा भाग एकदा नुसता ऐका.

नेरूळची रेवा
ऐकला. आज ठाण्याला येताना तुर्भ्याला हेडफोन लावला. त्या ओळीआधी ती क्षणभर थांबते आणि मग इतक्या हळू सुरू करते की रबाळ्याच्या घोषणेत दोन शब्द बुडाले, मागे जाऊन पुन्हा लावावे लागले. वाद घालायची ताकद संपलीय, आता ही बाई नाही म्हणणार नाही, हे त्या हळू सुरातच कळतं. हे मला हॉलमध्ये ऐकूच आलं नव्हतं, मी तिचा चेहरा बघत होते.

घरी येऊन तोच भाग चित्रासकट पाहिला. तरीही मला चेहरा हवाच आहे, हे माझं मत कायम. शनिवारी हॉल मिळत असेल तर दुसरा अंकच लावा, आधी प्रोजेक्टर झाकून, मग उघडा ठेवून. तबलजींना स्पीकर बघायला बोलवा, मागच्या वेळी डावा घरघरत होता.