वॉरंटीतली गाडी, अधिकृत वर्कशॉप ५५ किमी लांब: १०,००० किमीची सर्व्हिस कुठे करावी?

लालमाती:
मंडळी, मदत हवी आहे. बलेनो पेट्रोल, मॅन्युअल. ११ महिने, ९,४०० किमी. १,००० आणि ५,००० किमीच्या फ्री सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये झाल्या, तिसरी आता तोंडावर आहे. आम्ही तळकोकणात, अधिकृत वर्कशॉप ५५ किमीवर, म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. गावातल्या गॅरेजवाल्याच्या हाताला गुण आहे, पण त्याच्याकडे नेल्यास वॉरंटी जाईल असं वर्कशॉपवाले म्हणतात. त्यांचं एस्टिमेट: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लग गॅस्केट, चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग, इंजिन डीकार्ब (आतला कार्बन काढणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाई), एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग (तळाला गंजरोधक थर). यातलं खरोखर लागणारं काय? आणि वॉरंटी खरंच जाते का?

दहाचा_पाना:
ही सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा. तिसऱ्या फ्री सर्व्हिसला मजुरी माफ असते, फक्त ऑइल-फिल्टरसारख्या मालाचे पैसे पडतात. त्यामुळे बाहेर करून वाचणार फार थोडं, आणि पणाला लागणार ते इंजिन-गिअरबॉक्सचं संरक्षण. मारुतीने जुलै २०२४ पासूनच्या गाड्यांना ३ वर्षे किंवा १,००,००० किमी वॉरंटी दिली आहे, म्हणजे तुमची बरीच शिल्लक आहे. गाडी ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडेच जायची सक्ती नाही. कोल्हापूर, गोवा, रत्नागिरी, जिकडे कामानिमित्त जाणं होतं तिथलं कुठलंही अधिकृत वर्कशॉप चालतं.

तारीख मात्र चुकवू नका. १०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी येईल ते. पुढे क्लेम अडतो तो बहुतेक इथेच.

एस्टिमेटमधली पहिली तीन कामं करायचीच. ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच, या इंजिनाला ०डब्ल्यू-१६. अलाइनमेंट गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर कडेने झिजत असेल तर. टायर रोटेशन (चाकांची आपसांत अदलाबदल) मात्र करून घ्या. डीकार्ब, थ्रॉटल क्लीनिंग, एसी स्प्रे यांतलं काहीही १०,००० किमीच्या वेळापत्रकात नाही. एवढ्या कमी धावलेल्या इंजिनात खरवडून काढण्याइतका कार्बन साठतच नाही. जॉबकार्डावर (वर्कशॉपच्या कामांच्या यादीवर) सही करण्याआधी या ओळी खोडायला लावा आणि ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ असं लिहून घ्या. सही झाल्यावर बिलावर वाद घालणं अवघड जातं.

कागदपत्री:
वॉरंटीबद्दल. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात, बाहेरच्या गॅरेजात गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट कंपन्यांनी घालू नये; सदोष दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं म्हटलं होतं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं. त्यामुळे काउंटरवर हा आदेश दाखवून काम होईल, या भरवशावर राहू नका.

क्लेम नाकारला तर कुठला भाग, कुठल्या कारणाने, वॉरंटीच्या कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. तोंडी ‘नाही’ला पुढे काही किंमत नसते. ते पत्र हातात घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षांची आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार असाल तर तिच्या अटी स्वतंत्र वाचा. त्यात सगळ्या ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच झाल्या पाहिजेत असं सहसा असतं.

लालमाती:
धन्यवाद. मग गावातल्या गॅरेजात काय काय चालेल? आणि अंडरबॉडी कोटिंगचं काय ठरवू?

दहाचा_पाना:
पंक्चर, अलाइनमेंट, वायपर, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर साफ करणं हे सगळं बिनधास्त. जांभ्याची लाल धूळ असलेल्या रस्त्यावर एअर फिल्टर सर्व्हिसची वाट न बघता दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. हवा मारायची ती आतून बाहेर. उलट मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. वायर कापून जोडलेले फॉग लॅम्प, हॉर्न, स्टिरिओ मात्र नको. कपलरला कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) बसणारा हार्नेस, म्हणजे तयार वायरिंग, नसेल तर इलेक्ट्रिकल क्लेमला तिथेच खो बसतो.

खारं वारं, चार महिने पाऊस, त्यामुळे कोटिंगला कोकणात अर्थ आहे. पण ते मारताना स्वतः समोर उभं राहून बघा. दारांखालचा पत्र्याचा उंबरठा (सिल) आणि दारं यांच्या खालची पाणी निघायची भोकं बुजली तर आत पाणी साचून पत्रा आतूनच कुजतो, आणि बाहेरून कळतही नाही. एक्झॉस्ट आणि ब्रेकवर कोटिंग उडता कामा नये.

वॉरंटी संपल्यावर गावात ऑइल बदलाल तेव्हा: सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडलेला, ड्रेन प्लगचं वॉशर नवीन. जुनं वॉशर दाबून चपटं झालेलं असतं, त्यातून ऑइल पाझरतं; मग प्लग जोरात आवळला जातो आणि संपचे (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बोटाने चाचपायला सांगा. दोन रिंगा एकावर एक आल्या तर दाबाने ऑइल भसाभस बाहेर येतं.

कागदपत्री:
गावातल्या ऑइल बदलाच्या बिलावर गाडी नंबर, किलोमीटर, ऑइलचा ब्रँड-ग्रेड-लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर हवा. ‘सर्व्हिसिंग – एकूण’ एवढंच लिहिलेलं बिल काही सिद्ध करत नाही.

अपॉइंटमेंट गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घेऊ नका, मुंबईच्या गाड्यांनी वर्कशॉप भरलेली असतात. आणि गाडी ताब्यात घेताना सपाट जागेवर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ओढा. ऑइल तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये असेल तरच निघा. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल असेल तर तिथेच काढायला लावा; जास्तीचं ऑइल क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) फेऱ्यात घुसळून फेसाळतं आणि इनटेकमध्ये ओढलं जातं.