‘एकादशीला गोळी टाळा, पांडुरंग पाहून घेतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नक्तव्रती

आषाढी जवळ आली की फिरणारा तो मजकूर यंदाही पुण्यातल्या ग्रुपांवर आलाय. थोडक्यात म्हणणं असं: देह नश्वर, त्याचे लाड नकोत, एकादशी निर्जळीच करा, एक दिवस औषध चुकलं तर काही बिघडत नाही, पांडुरंग पाहून घेतो. खाली नुसते जोडलेले हात, आणि हात जोडणाऱ्यांत साठीपुढचे बरेच. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मधुमेहाच्या गोळ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. उपाशीपोटी नेहमीसारखी घेतली तर साखर कोसळते. नुसत्या मेटफॉर्मिनवर तसं सहसा होत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असताना निर्जळी केली तर अंगातलं पाणी घटतं आणि रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. यात फसगत अशी की साखर फार वाढलेली नसते. घरच्या यंत्रावर आकडा ठीक दिसतो आणि माणूस मात्र ओकत असतो. इन्सुलिन तर मनाने बंद करायचंच नसतं, डॉक्टर मात्रा बदलून देतात. हे सगळं दशमीच्या रात्री विचारून भागत नाही, आठवडाभर आधी विचारा.

रक्तातली साखर ७० (mg/dL) च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, की उपवास तिथेच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. असा उपवास सोडण्यात कसलाही दोष नाही.

आता निर्जळी. तिच्यासाठी वेगळी एकादशी आहे, ज्येष्ठ शुद्धातली. आषाढीला ती सगळ्यांवर लादायची गरज नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं सांगितलंय. सतराव्यात तर शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करून शरीर झिजवणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटलंय. भुकेकडे लक्ष देऊन बसायला शिकायचं आणि त्याच लक्षाने देहाचा इशाराही ओळखायचा, हा माझ्या मते उपवासाचा धडा आहे. इशाऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्याच्या पदरात अर्धाच धडा पडतो.

पेठेतला_जुना

गोळ्यांचं मान्य. त्यावर कोणी शहाणा वाद घालणार नाही. पण पुढे तुम्ही व्रताचं आजारपण करून टाकलंत. धडधाकट माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा जेमतेम दिवसभर पुरतो, तो संपत आला की शरीर चरबी वापरायला लागतं. एका एकादशीने कोणी मरत नाही. जिमवाली पोरं सोळा-सोळा तास उपाशी राहतात, मोबाइलवर तास मोजतात, तेव्हा हे इशारे कोणी देत नाही. व्रताचं नाव निघालं की मात्र सगळ्यांना रक्तदाब आठवतो. याचा मला राग आहे.

आणि देहाची काळजी म्हणता, तर खरा घात कुठे आहे ते पाहा. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे साधारण ३५० कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यात ५० ग्रॅम दाण्याचं कूट, म्हणजे आणखी २८०. वर तूप आणि बटाटा. एका ताटलीत सात-आठ पोळ्यांचा ऐवज जातो! मग दुपारी वेफर्स, संध्याकाळी वडे. एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा मुळात कसाव्याचा स्टार्च. कसावा पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आला. बटाटा, मिरची, दाणे, रताळीही तिकडचीच. ही कुठल्या व्रतात लिहिलीत ते दाखवा.

कोथरूडची_खिचडी

साबुदाण्याला झोडपणं सोपं आहे, काका. ताटलीतला आकडा तुम्ही सांगितलात, ती ताटली किती जणांची ते सांगितलं नाहीत. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजून दुपटीच्या आसपास फुगतो, दोघांना पुरतो. वर कूट आणि तूप असतं म्हणून साखर जरा हळू चढते. साबुदाण्याची पेज साखर घालून प्यायलात तर जास्त झपाट्याने चढेल.

खिचडीचा गोळा होतो तो करणाऱ्याच्या घाईमुळे. पांढरं पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवायचा, मग दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी ठेवून पाच-सहा तास झाकायचा. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. कूट आणि मीठ आधीच चोळून घ्यायचं, तूप तापल्यावर परतायचं, झाकणाची वाफ एकदाच आणि थोडी. वाफ जास्त झाली की स्टार्च सुटतो आणि चिकट होतं. नीट केली तर कमी तुपात होते आणि एका वाटीत पोट भरतं.

हलकं हवं असेल तर भगर, दाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक. मात्र भगरीचं पीठ विकत आणू नका. आषाढाच्या दमट हवेत पिठाला बुरशी लवकर लागते, दरवर्षी विषबाधेच्या बातम्या त्यातूनच येतात. अख्खी भगर आणा, निवडा, धुवा, वाळवा, लागेल तेवढीच घरी दळा. वास कुबट किंवा चव कडवट लागली तर टाकून द्या. शिजवलेली सकाळची रात्री खाऊ नका.

पेठेतला_जुना

एकादशीला भगर? अनेक वारकरी घरांत ती धान्यातच धरतात आणि एकादशीला चालत नाही. उपवासाचे सल्ले द्यायचे तर एवढं तरी माहीत हवं.

कोथरूडची_खिचडी

आणि अनेक घरांत चालते! कोथिंबीर एका घरात चालते, शेजारच्या घरात चालत नाही. हळदीचंही तेच. तुमच्या घरचा नियम तो धर्म आणि आमच्या घरचा तो अडाणीपणा, असं का? शिवाय या नियमांचा भार कोणावर पडतो तेही बघा. उपवासाचं वेगळं, मुलांचं वेगळं, सासऱ्यांचं बिनमिरचीचं, आणि हे सगळं करणारी बाई स्वतः उपाशी. व्रतावर इतकं बोलता, एक पातेलं तरी घासायला घेता का?

पेठेतला_जुना

बाईला राबवा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नसलेले शब्द माझ्या तोंडी घालू नका. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. दूध, एक-दोन फळं, मूठभर दाणे, बस. चूल पेटवायचीच नाही. मग पातेलंही नाही.

हडपसरचा_दवाखाना

साबुदाण्यावरून एवढं पेटलंय आणि किडनीच्या रुग्णांचा उल्लेखच नाही. बटाटा, रताळं, केळी, दाणे, खजूर, शहाळं, या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. किडनी अधू असेल तर ते बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. काकांचा ‘फळं-दाणे’ उपवास अशा माणसाला खिचडीपेक्षा धोक्याचा ठरू शकतो. बटाटा खायचाच तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं. त्याने पोटॅशियम कमी होतं, संपत नाही.

सैंधवात सोडियम साध्या मिठाच्या जवळपासच असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी सैल हाताने घालू नये. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, किडनीवाल्यांनी त्याला हातही लावू नये.

दुपारी डोकं ठणकतं त्याचं खापर पित्तावर फुटतं. पुष्कळदा चहा सुटलेला असतो. कॅफिन तुटलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं. एकादशीला चहा वर्ज्य असेल तर आधीच्या चार-पाच दिवसांत कप कमी करत आणा.

शेवटी, शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्. उपनिषदांनीच सांगून ठेवलंय.

अपर्णा_औंध

डॉक्टर, बाकी सगळं मान्य, पण ती ओळ उपनिषदातली नाही. कालिदासाच्या कुमारसंभवातल्या पाचव्या सर्गातली आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेशात आलेला शंकर तप करणाऱ्या पार्वतीची चौकशी करतो. समिधा, दर्भ मिळतात ना, स्नानाला पाणी बरं आहे ना, आणि आपली शक्ती पाहून तप करतेस ना, कारण शरीर हे धर्माचं पहिलं साधन. तो तिला तप सोड म्हणत नाही, ताकद विचारतो. तेव्हा उपवासाच्या विरोधात हा दाखला वापरता येत नाही. निर्जळी सगळ्यांवर लादणाऱ्यांनाही तो सोयीचा नाही.

पुण्यातलंच उदाहरण आहे. १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च असा २१ दिवसांचा उपवास केला. तो शक्तीनुसार असेल, पाणी पिण्याजोगं व्हावं म्हणून त्यात फळाचा रस घालू, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. भोवती डॉक्टर होते. त्याने तो उपवास हलका ठरला नाही.

पेठेतला_जुना

तो राजकीय उपवास, व्रताशी त्याची तुलना मला पटत नाही. ‘शक्ती पाहून’ हे मात्र घेतो. पण गीता काढलीच आहे तर दुसरा अध्यायही काढा. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी मागे उरते, असं तिथे आहे. मी खिचडीवर घसरतो तो कॅलरींसाठी नाही. जी गोडी एक दिवस बाजूला ठेवायची, तिलाच आपण तुपात परतून ताटात वाढतो.

नक्तव्रती

हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता आणि तो तुमचा आहे. मग असं करता येईल: भगर की साबुदाणा ते ज्याच्या त्याच्या घरावर, पण पदार्थ एक, वाटी एक, वेळ एक. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. औषधामुळे दोनदा खावं लागणाऱ्याने तीच वाटी दोनदा अर्धी खावी. पाणी सगळ्यांनी प्यावं.

आणि पारणं सांभाळा, पोट तिथेच बिघडतं. द्वादशीला उठल्या उठल्या तळण नको. आधी कोमट पाणी, मग मऊ भात, मुगाचं कढण, चमचाभर तूप. पोळी-भाजी त्यानंतरच्या जेवणाला.

कोथरूडची_खिचडी

एक वाटी मान्य. द्वादशीचा भात-कढण ज्यांनी उपवास केला त्या सगळ्यांनी मिळून करायचा, हेही त्यात लिहा.

पेठेतला_जुना

लिहा. कुकर मी लावीन. भगरीचं मात्र मान्य केलेलं नाही.