अवशेष ‘मर्यादेच्या आत’ असणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न:
भाजीच्या एका नमुन्याचा तपासणी अहवाल वाचनात आला. त्यात तीन कीटकनाशकांचे अवशेष आढळले असून तिन्ही ‘कमाल अवशेष मर्यादेच्या आत’ असल्याचा शेरा आहे. एवढ्यावरून ती भाजी निर्धोक समजावी का? आणि धुतल्याने अवशेष कितपत जातात?

प्रतिसाद १:
कमाल अवशेष मर्यादा ही मुळात शेतातील शिस्तीची मर्यादा आहे. शिफारस केलेली मात्रा वापरली आणि शेवटची फवारणी व काढणी यांतील अंतर पाळले, तर पिकात जास्तीत जास्त किती अवशेष उरेल, हे प्रत्यक्ष शेतातील चाचण्यांवरून पाहून ती ठरवतात. आरोग्याचा हिशेब निराळा असतो. प्राण्यांवरील दीर्घकालीन चाचण्यांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिला सामान्यतः १०० ने भागून माणसासाठी रोजच्या सेवनाची मर्यादा काढतात आणि संपूर्ण आहारातून पोटात जाणारे प्रमाण तिच्याशी ताडून पाहतात. म्हणून एखाद्या नमुन्यात अवशेष मर्यादा ओलांडली की विषबाधा होतेच असे नाही. पण तो शेरा म्हणजे आरोग्याचा दाखलाही नव्हे.

प्रतिसाद २:
वरील स्पष्टीकरण योग्य आहे, परंतु प्रश्नातला ‘तीन’ हा आकडा त्यात निसटला. ही तिन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या गटातील असतील, तर तिन्ही ॲसिटिलकोलीनएस्टरेज या मज्जासंस्थेतील एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. तेव्हा प्रत्येकाची मर्यादा सुटी तपासून भागत नाही, एकत्रित भार मोजावा लागतो. अमेरिकेच्या कीटकनाशकांविषयीच्या १९९६ च्या कायद्याने असा एकत्रित विचार बंधनकारक केला आणि मुलांसाठी आणखी दहापट सुरक्षिततेची तरतूद केली. याच गटातील क्लोरपायरीफॉसबाबत तर सुरक्षित मात्रा ठरवताच येत नाही, असा निष्कर्ष युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढला आणि २०२० मध्ये युरोपीय संघाने त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. अहवालात कीटकनाशकांची नावे असतील, तर शेऱ्याआधी ती वाचावीत.

प्रतिसाद ३:
धुण्याविषयी: पृष्ठभागावरचा अवशेष वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यास बराच कमी होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सफरचंदांवर दोन कीटकनाशके लावून केलेल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरील दोन्ही रसायने जवळजवळ निघून गेली, मात्र सालीत मुरलेला भाग तसाच राहिला. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके रसातूनच पेशींत पोहोचतात. तिथे धुणे फारसे कामाचे नाही. साबण वापरू नये.

प्रतिसाद ४:
चर्चा ताटापुरतीच राहिली आहे. डीडीटी मातीत वर्षानुवर्षे टिकते, चरबीत साठते आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर तिचे प्रमाण वाढत जाते. म्हणूनच दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांविषयीच्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत ठेवून तिच्या वापरावर निर्बंध घालण्यात आले. शिवाय सर्वांत मोठी मात्रा खाणाऱ्याच्या नव्हे, तर फवारणाऱ्याच्या अंगात जाते, तीही बरीचशी त्वचेवाटे, आणि भाजीचा कोणताही अहवाल ती मोजत नाही.