मदत हवी आहे: पिकअपच्या हौद्याच्या काठावर नेमकं किती वजन चालतं?

पाइपवाला:

नमस्कार मंडळी. प्लंबिंगची कामं घेतो. डबल कॅब पिकअप आहे, हौदा जेमतेम दीड मीटरचा. सहा मीटरचे पाइप बरेच दिवस तिरके टाकून, फाळका उघडा ठेवून नेले. शेवटी कंटाळून ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपच्या दोन कमानी करून घेतल्या. उंची काठापासून ६० सेंटिमीटर, म्हणजे केबिनच्या टपाच्या किंचित वर. दोन कमानींत अंतर १.२ मीटर. गाडी नवी, भोकं पाडायला जीव होईना, म्हणून पायांना काठाचा पत्रा चिमटून धरणारे चार क्लॅम्प लावले.

त्यावर २५ मिमीचे आठ जीआय पाइप नेतो. एक साधारण १५ किलोचा, म्हणजे एकूण १२०. आठवडाभराने गाडी धुताना काठ सरळ वाटेना. पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून बघितली, तर मधोमध काठ पाचेक मिलिमीटर बाहेर गेलाय. काठावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीत क्लॅम्पची चंद्रकोरीसारखी खूण उमटलीय, आणि घट्ट आवळलेला बोल्ट हाताने अर्धा आटा फिरला.

गाडीच्या पुस्तकात हौद्याची क्षमता ९०० किलो दिली आहे, काठाबद्दल अवाक्षर नाही. काठ किती किलो झेलतो? जाणकारांनी आकडा सांगावा.

गरम_डोकं:

९०० ची गाडी आणि १२० किलोला घाबरताय? मी काठावर उभा राहून सामान बांधतो, माझं वजन ९०. काही होत नाही. बोल्ट आवळा आणि चला.

जुना फिटर:

वरच्या प्रतिसादावर जाऊ नका. ९०० हा आकडा हौद्याच्या तळावर पसरलेल्या मालाचा आणि आत बसलेल्या माणसांचा मिळून असतो. तळाखाली आडवे चॅनल आहेत, त्याखाली चासी. काठ म्हणजे दुमडलेला पत्रा, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. गाडी बनवणारे काठाचा आकडा सहसा देतच नाहीत, कारण तो वजनापेक्षा वजन कसं टेकवलं यावर ठरतो.

तुम्ही काठावर उभे राहता तेव्हा भार सरळ खाली उतरतो. बाजूचा पत्रा उभा असतो, त्या दिशेला तो चांगला ताकदवान. शिवाय तुम्ही उभे असता तेव्हा गाडीही उभी असते. पत्र्याची खोड आडव्या दिशेला आहे. हौद्याच्या मधोमध काठ हाताने बाहेर ढकलून बघा, लवतो. पुढच्या भिंतीजवळ लवत नाही. मागे फाळका लावलेला असेल तर थोडा आधार, उघडा असेल तर तोही गेला.

पाइपवाले, दोन गोष्टी सांगा. कमानी एकमेकींना लांबीच्या दिशेने जोडल्यात का? आणि पाइप पुढे कुठपर्यंत येतात?

पाइपवाला:

जोडलेल्या नाहीत, सुट्या आहेत. पाइप दोरीने बांधतो. पुढे काचेवर आलेले आवडत नाहीत म्हणून टपाच्या पुढच्या कडेपर्यंतच, म्हणजे पुढच्या कमानीच्या पुढे १.६ मीटर. बाकी सगळं मागे. लाल फडकं लावतो.

चुंबक:

एक बारीकसं. आधी हौद्याला चुंबक लावून बघा. फोर्ड एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, टोयोटा टॅकोमाचा हौदा २००५ पासून कंपोझिट प्लॅस्टिकचा. चुंबक चिकटला नाही तर पोलादी पत्र्याचे सल्ले तुम्हाला लागू नाहीत. अ‍ॅल्युमिनियमवर उघडा लोखंडी क्लॅम्प ओलाव्यात राहिला तर त्या जागी गंज धरतो, मध्ये काहीतरी विलग करणारं लागतं.

जुना फिटर:

आता हिशोब मांडतो, वही काढा.

पाइप सहा मीटर, त्याचा मध्य टोकापासून तीन मीटरवर. पुढे १.६ गेला, म्हणजे मध्य पुढच्या कमानीच्या मागे १.४ मीटर. तुमची मागची कमान आहे १.२ वर. म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य मागच्या कमानीच्याही २० सेंटिमीटर मागे लटकतोय. मागच्या कमानीवर भार १४० किलो, आणि पुढची कमान २० किलोने वर ओढली जातेय! १२० च्या मालाचे १४० असे होतात. सी-सॉ आहे तो. खड्ड्यात मागचं चाक आपटलं की हेच १४० क्षणभर दुप्पट धरा.

दुसरं, ब्रेक. बऱ्यापैकी जोरात दाबला तर मालाच्या निम्म्या वजनाइतका रेटा पुढे येतो, म्हणजे ६० किलो, तोही काठापासून ६० सेंटिमीटर उंचावर. कमानी सुट्या असल्याने प्रत्येक कमान एकटीच पुढे लवंडायला बघते आणि तिला धरायला पायातला क्लॅम्प तेवढा. चौघांत समान वाटलं तरी १० सेंटिमीटरच्या क्लॅम्पच्या एका टोकाला ९० किलोचा दाब आणि दुसऱ्या टोकाला तितकीच ओढ, दुमडलेल्या पत्र्यावर. तुमची चंद्रकोर तिथून आली.

तिसरं, काठ बाहेर का गेला. कमानीच्या आडव्या पाइपवर वजन आलं की तो मध्ये झोळ धरतो आणि पाय फाकतात. फाकणारे पाय काठाला बाहेर ढकलतात. कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या मारल्यात का? नसतीलच, हौसेने कुणी मारत नाही.

पाइपवाला:

नाहीत. 😐 मग रॅक काढूनच टाकू का?

जुना फिटर:

काढू नका, दुरुस्त करा. दोन्ही बाजूंना लांबीचा एकेक पाइप वेल्ड करून कमानी जोडा, म्हणजे ब्रेकचा रेटा १० सेंटिमीटरवर न येता १.२ मीटरवर वाटला जाईल. कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या. पाय फाकू नयेत म्हणून काठाच्या उंचीवर पायापासून पायापर्यंत आडवी पट्टी. आणि जमलं तर पाय काठावर न संपवता भिंतीला लागून खाली तळापर्यंत न्या. तळाचे मूळ बोल्ट असतात तिथे बांधा. मग काठाने फक्त डगमग अडवायची, वजन चासी घेईल. हे केलंत तर काठ किती किलो झेलतो हा प्रश्न उरत नाही.

क्लॅम्पच ठेवायचे असतील तर त्याखालची प्लॅस्टिकची टोपी काढा. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, म्हणून बोल्ट हाताने फिरला. खालच्या बाजूने पत्र्याच्या आत लांब जाड पट्टी द्या, नुसता वायसर नको. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

आडवाट:

याच धाग्यात विचारतो, माफ करा. माझ्या तयार रॅकवर चालत्या गाडीसाठी एक आणि उभ्या गाडीसाठी त्याच्या जवळजवळ तिप्पट असे दोन आकडे आहेत. वर तंबू लावायचा आहे.

जुना फिटर:

तंबूचं स्वतःचं वजन लहान आकड्यात बसलं पाहिजे, कारण तो घेऊन तुम्ही गाडी चालवणार. मोठा आकडा रात्री आत झोपलेली माणसं धरून. आणि हे रॅकचे आकडे आहेत. रॅक, तंबू, माणसं, सामान सगळं मिळून गाडीच्या क्षमतेतून वजा होतंच.

चुंबक:

वारा राहिला. ताशी ९० ला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ३९ किलोच्या आसपास. पाइपांना फरक पडत नाही, पण त्याच रॅकवर कधी ८ बाय ४ फुटी प्लायवुड टाकलंत आणि पुढची कड उचलली गेली, तर जवळजवळ तीन चौरस मीटरचं शीड आहे ते. पुढची कड वेगळी बांधा.

गरम_डोकं:

मी काठावर उभं राहणं सोडणार नाही, पण सी-सॉचा हिशोब पटला.

पाइपवाला:

आज कमानी उतरवल्या. मागच्या उजव्या क्लॅम्पखाली रंग उडून पत्र्याला केसाएवढी चीर आहे, नखाला लागते. पुढच्या दोन्ही जागा ठणठणीत. फिटर म्हणाले तसं मागेच सगळं येत होतं. लांबीचे पाइप, कोपरे आणि तळापर्यंतचे पाय असं कागदावर काढून वेल्डिंगवाल्याला दिलंय. तोवर पाइप तीन-तीन मीटरचे कापून आणि आटे पाडून घेतो. दोन्हीकडे सारखे ९० सेंटिमीटर बाहेर राहतात, मध्य बरोबर दोन कमानींच्या मध्ये.

त्या चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची, की सरळ आतून पट्टी लावायची?